272 नसतानाही सरकार बनतं कसं? अल्पमतातल्या आघाडी सरकारची गोष्ट, सोप्या भाषेत

माहितीचा अधिकार कायदा 2005 साली आला. गावातल्या कुटुंबाला वर्षाला 100 दिवसांचं काम मागण्याचा हक्क देणारा राष्ट्रीय रोजगार हमी कायदाही त्याच वर्षी संसदेनं मंजूर केला. हे दोन्ही कायदे करणाऱ्या सरकारबद्दल एक गोष्ट आज अनेकांच्या लक्षात नसते. सत्तेत बसलेल्या पक्षांकडे लोकसभेत बहुमतच नव्हतं!

काँग्रेसचे 145 खासदार होते. मंत्रिमंडळातले मित्रपक्ष धरूनही आकडा 272 पासून बराच दूर होता. तरीही मनमोहन सिंग यांनी 22 मे 2004 ला शपथ घेतली आणि त्या सरकारनं पाच वर्षं पूर्ण केली.

मग प्रश्न पडतो की बहुमत नसताना सरकार बनतं कसं? राष्ट्रपती किंवा राज्यपाल कुणाला बोलावतात आणि का? 'बाहेरून पाठिंबा' म्हणजे नेमकं काय? आणि अशी सरकारं कोसळतात तेव्हा काय होतं? एकेक करून बघू.

आधी हे शब्द वेगळे करू

निकालाच्या दिवशी सोशल मीडियावर 'आघाडी सरकार' आणि 'अल्पमतातलं सरकार' हे शब्द एकाच अर्थानं फिरत असतात. पण त्यांचा अर्थ एक नाही.

• एका पक्षाचं बहुमताचं सरकार: एकाच पक्षाकडे निम्म्याहून जास्त जागा. उदाहरणार्थ 1984 नंतरचं राजीव गांधींचं सरकार.

• बहुमतातलं आघाडी सरकार: कुठल्याच एका पक्षाकडे बहुमत नाही, पण सरकारमधल्या सगळ्या पक्षांची बेरीज बहुमताच्या वर जाते. 2024 मध्ये भाजपच्या 240 जागा आल्या, पण एनडीएच्या मिळून 293. म्हणजे हे आघाडी सरकार आहे, अल्पमतातलं नाही.

• एका पक्षाचं अल्पमतातलं सरकार: एकच पक्ष सत्तेत, तोही निम्म्याच्या आत. 1991 मध्ये पी. व्ही. नरसिंह राव यांचं सरकार असंच सुरू झालं.

• अल्पमतातलं आघाडी सरकार: अनेक पक्ष मिळून सरकारमध्ये, पण त्यांची बेरीजही निम्म्याच्या आत. उरलेली कसर सरकारमध्ये न बसलेले पक्ष भरून काढतात. 1989 चं व्ही. पी. सिंग सरकार, 1996-97 मधली देवेगौडा आणि गुजराल यांची सरकारं आणि 2004 चं मनमोहन सिंग सरकार या प्रकारातली.

आपला विषय आहे तो हा चौथा प्रकार.

राज्यघटना काय म्हणते?

राज्यघटनेत 'सर्वात मोठ्या पक्षाला बोलवा' असं कुठेही लिहिलेलं नाही. 272 हा आकडाही तिथे नाही.

अनुच्छेद 75 नुसार पंतप्रधानांची नेमणूक राष्ट्रपती करतात आणि मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असतं. राज्यांसाठी हीच तरतूद अनुच्छेद 164 मध्ये आहे. तिथे राज्यपाल मुख्यमंत्र्यांची नेमणूक करतात आणि मंत्रिमंडळ विधानसभेला जबाबदार असतं.

'जबाबदार' याचा व्यवहारातला अर्थ साधा आहे. सभागृहाचा विश्वास आहे तोवर सरकार आहे, विश्वास गेला की सरकार गेलं. म्हणजे सरकारमध्ये बसलेल्यांची संख्या किती, हा मुद्दाच नाही. सभागृहात त्यांच्या बाजूनं हात किती वर होतात, हा मुद्दा आहे. अल्पमतातलं सरकार उभं राहतं ते याच फटीतून.

आता दुसरी गंमत. अनुच्छेद 100 नुसार सभागृहातले निर्णय 'हजर राहून मतदान करणाऱ्या' सदस्यांच्या बहुमतानं होतात. एकूण सदस्यांच्या नाही. समजा लोकसभेत 543 सदस्य आहेत आणि त्यातले 43 तटस्थ राहिले किंवा सभात्याग करून गेले. मग मतदान करणारे उरले 500, आणि जिंकायला 251 मतं पुरतात. म्हणून मतदानाच्या वेळी बाहेर निघून जाणारा पक्षसुद्धा कुणाला तरी मदत करत असतो.

सरकार बनतं कसं? पाच पायऱ्या

1. आधी बेरीज

निकाल लागतो, कुणालाच बहुमत मिळत नाही. याला त्रिशंकू सभागृह म्हणतात. मग बैठका सुरू होतात. कोण सरकारमध्ये येणार, कोण बाहेरून पाठिंबा देणार आणि कोण फक्त विरोधात मतदान करणार नाही, अशा तीन याद्या तयार होतात.

2. निमंत्रण कुणाला?

सर्वात जास्त वाद होतात ते या पायरीवर. केंद्र-राज्य संबंधांचा अभ्यास करणाऱ्या सरकारिया आयोगानं 1988 च्या अहवालात राज्यपालांसाठी एक क्रम सुचवला होता:

• पहिली पसंती निवडणुकीआधी झालेल्या आघाडीला

• मग इतरांचा आणि अपक्षांचा पाठिंबा घेऊन दावा करणाऱ्या सर्वात मोठ्या पक्षाला

• मग निकालानंतर झालेल्या अशा आघाडीला, जिचे सगळे पक्ष सरकारमध्ये बसतील

• आणि शेवटी अशा आघाडीला, जिचे काही पक्ष सरकारमध्ये बसतील आणि बाकीचे बाहेरून पाठिंबा देतील

म्हणजे निकालानंतर जुळवलेलं अल्पमतातलं आघाडी सरकार या यादीत सर्वात शेवटी आहे. कारण उघड आहे. ते टिकेल का, याची खात्री सर्वात कमी.

पण हा क्रम म्हणजे कायदा नाही, शिफारस आहे. गोव्यात 2017 मध्ये 40 पैकी 17 जागा जिंकून काँग्रेस सर्वात मोठा पक्ष होता, तर भाजपकडे 13 होत्या. भाजपनं गोवा फॉरवर्ड, मगोप आणि अपक्षांना सोबत घेऊन आधी दावा केला आणि मनोहर पर्रीकरांना निमंत्रण मिळालं. वाद सुप्रीम कोर्टात गेला, कोर्टानं सभागृहात बहुमत सिद्ध करायला सांगितलं आणि पर्रीकरांनी 22 विरुद्ध 16 मतांनी ठराव जिंकला.

केंद्रातही राष्ट्रपतींनी वेगवेगळे मार्ग घेतलेत. 1989 मध्ये आर. वेंकटरमण यांनी सर्वात मोठा पक्ष म्हणून आधी राजीव गांधींना विचारलं. त्यांनी नकार दिल्यावर व्ही. पी. सिंग यांना बोलावलं. 1996 मध्ये शंकर दयाळ शर्मा यांनीही सर्वात मोठ्या पक्षाचे नेते म्हणून अटलबिहारी वाजपेयींना बोलावलं. पण वाजपेयींना संख्या जुळवता आली नाही आणि मतदान होण्याआधीच 28 मे 1996 ला त्यांनी राजीनामा जाहीर केला. हेच ते 13 दिवसांचं सरकार.

3. पाठिंब्याची पत्रं

1998 मध्ये के. आर. नारायणन यांनी पद्धत बदलली. वाजपेयींना बोलावण्याआधी त्यांनी पाठिंब्याची लेखी पत्रं मागितली. जयललितांचं पत्र येईपर्यंत भाजपला वाट बघावी लागली. तेलुगू देसम तटस्थ राहणार, हे कळवणारं पत्रही तेव्हा हिशेबात धरलं गेलं. कारण वर पाहिलं तसं, तटस्थ राहणारे वजा झाले की बहुमताची रेषा खाली येते.

पत्राची किंमत काय असते, हे महाराष्ट्रानं नोव्हेंबर 2019 मध्ये पाहिलं. शिवसेनेनं राज्यपालांकडे दावा केला, पण काँग्रेस आणि राष्ट्रवादीची पत्रं हातात नव्हती. जास्तीचा वेळ मागितला, तो मिळाला नाही. त्या दिवशी सरकार अडलं ते पत्रांवर.

4. शपथविधी

शपथ झाली की सरकार कायदेशीररीत्या अस्तित्वात येतं. पण खरी परीक्षा अजून बाकी असते.

5. बहुमत चाचणी

सरकार ठरलेल्या मुदतीत विश्वासदर्शक ठराव मांडतं. 1994 च्या एस. आर. बोम्मई खटल्यात सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलं की बहुमत आहे की नाही हे सभागृहातच ठरलं पाहिजे, राजभवनात नाही. 2019 मध्ये महाराष्ट्राच्या प्रकरणात कोर्टानं आणखी तपशिलात आदेश दिला: दुसऱ्याच दिवशी चाचणी, गुप्त मतदान नाही आणि कामकाजाचं थेट प्रक्षेपण. आदेश आला त्याच दिवशी, 26 नोव्हेंबरला, देवेंद्र फडणवीस यांनी राजीनामा दिला.

बाहेरून पाठिंबा म्हणजे काय?

सरकारमध्ये मंत्रिपद घ्यायचं नाही, पण विश्वासदर्शक ठरावावर आणि अर्थसंकल्पावर सरकारच्या बाजूनं मतदान करायचं, म्हणजे बाहेरून पाठिंबा.

अर्थसंकल्प का? कारण सरकारचा खर्च सभागृहाच्या मंजुरीशिवाय होऊ शकत नाही. अर्थसंकल्पावर हार म्हणजे विश्वास गमावणं, असंच संसदीय पद्धतीत मानलं जातं. बाकी विधेयकांवर बाहेरचा पक्ष हवं तर विरोधही करू शकतो.

मग मंत्रिपद सोडून कुणी बाहेर का बसेल? कारणं साधारण तीन असतात.

पहिलं, विचारसरणी. 2004 मध्ये डाव्या पक्षांकडे मिळून 59 खासदार होते. पण केरळ आणि पश्चिम बंगालमध्ये ते काँग्रेसच्या विरोधात लढत होते. दिल्लीत मंत्री व्हायचं आणि राज्यात त्याच पक्षाविरुद्ध प्रचार करायचा, हे अवघड गेलं असतं.

दुसरं, जबाबदारी टाळणं. निर्णय लोकांना आवडला तर 'आमच्यामुळे झालं' म्हणता येतं, नाही आवडला तर 'आम्ही सरकारमध्ये कुठे होतो?'

तिसरं, दबाव. कधीही पाठिंबा काढता येतो ही भीती हेच मोठं शस्त्र असतं.

1989 मध्ये तर व्ही. पी. सिंग सरकारला एका बाजूनं भाजप आणि दुसऱ्या बाजूनं डावे पक्ष बाहेरून आधार देत होते. एकमेकांचं तोंड न बघणारे दोन पक्ष, पण काँग्रेसला बाहेर ठेवायचं यावर एकमत. अशा सरकारचं आयुष्य त्या एका मुद्द्याएवढंच असतं. 1990 च्या ऑक्टोबरमध्ये लालकृष्ण अडवाणींची रथयात्रा बिहारमध्ये समस्तीपूरला अडवून त्यांना अटक झाली, भाजपनं पाठिंबा काढला आणि 7 नोव्हेंबरला सरकार पडलं.

मग सरकार चालतं कशावर?

मुख्यतः दोन गोष्टींवर: एक कागद आणि एक समिती.

कागद म्हणजे किमान समान कार्यक्रम. सगळ्या पक्षांना मान्य असलेली कामं त्यात लिहायची, वादाचे मुद्दे बाजूला ठेवायचे. 1996 च्या संयुक्त आघाडीनं असा कार्यक्रम केला होता. 2004 च्या कार्यक्रमात रोजगार हमीचं आश्वासन होतं आणि पुढच्याच वर्षी तो कायदा झाला. महाराष्ट्रात रोजगार हमी योजना 1970 च्या दशकापासून होती, पण देशपातळीवर ती आली एका अल्पमतातल्या सरकारच्या काळात.

समिती म्हणजे समन्वय समिती. सरकारमधले आणि बाहेरचे पक्ष नियमित भेटतात, वाद संसदेत येण्याआधी खोलीतच मिटवायचा प्रयत्न करतात. 2004 नंतर यूपीए आणि डावे यांच्यात अशी समिती होती. लोकसभेचं अध्यक्षपदही मार्क्सवादी पक्षाच्या सोमनाथ चटर्जींकडे गेलं.

या कार्यक्रमाला कोर्टात आव्हान देता येत नाही. तो मोडला तर शिक्षा एकच: पाठिंबा काढणं.

महाराष्ट्र 2014: मतं मोजलीच गेली नाहीत

बहुमतापासून दूर असलेलं सरकार आपल्या राज्यातही झालंय. 2014 मध्ये शिवसेना आणि भाजप वेगळे लढले. 288 जागांच्या विधानसभेत बहुमतासाठी 145 लागतात. भाजपला मिळाल्या 122. निकालाच्याच दिवशी राष्ट्रवादी काँग्रेसनं बाहेरून पाठिंबा देऊ केला. त्यांचे आमदार होते 41.

फडणवीस यांनी 31 ऑक्टोबरला वानखेडे स्टेडियमवर शपथ घेतली. 12 नोव्हेंबरला विश्वासदर्शक ठराव आला आणि तो आवाजी मतदानानं मंजूर झाला. म्हणजे 'हो' म्हणणाऱ्यांचा आवाज मोठा, असं अध्यक्षांनी ठरवलं. शिवसेना आणि काँग्रेसनं मतविभागणीची मागणी करत गोंधळ घातला, पण प्रत्यक्ष मतमोजणी झाली नाही.

याचा परिणाम काय? त्या दिवशी सरकारच्या बाजूनं कोण होतं, कोण विरोधात आणि कोण गप्प बसलं, याची अधिकृत नोंदच नाही. तुम्ही ज्या आमदाराला मत दिलं, त्यानं त्या दिवशी काय केलं हे तुम्हाला कागदावर सापडणार नाही. महिनाभरानं, 5 डिसेंबरला, शिवसेना सरकारमध्ये आली आणि बहुमताचा प्रश्न संपला.

अशी सरकारं पडतात कशी?

मार्ग अनेक आहेत.

• विश्वासदर्शक ठराव हरणं: 17 एप्रिल 1999 ला वाजपेयी सरकार 269 विरुद्ध 270, म्हणजे एका मतानं पडलं.

• अविश्वास ठराव मंजूर होणं: हा विरोधक आणतात. लोकसभेत तो दाखल करून घ्यायला 50 सदस्यांचा पाठिंबा लागतो. जुलै 1993 मध्ये नरसिंह राव सरकारविरुद्धचा ठराव 251 विरुद्ध 265 असा फेटाळला गेला. नंतर झारखंड मुक्ती मोर्चाच्या खासदारांना मतांसाठी पैसे दिल्याचं प्रकरण उघड झालं.

• मतदानाआधीच राजीनामा: चंद्रशेखर यांच्याकडे साठीच्या आसपास खासदार होते आणि आधार काँग्रेसचा. काँग्रेसशी बिनसल्यावर मार्च 1991 मध्ये त्यांनी राजीनामा दिला.

चंद्रशेखर सरकारचं उदाहरण जरा थांबून बघण्यासारखं आहे. देशाकडे परकीय चलन संपत चाललं होतं आणि नेमकं तेव्हाच सरकारला पूर्ण अर्थसंकल्प मांडता आला नाही. हंगामी अर्थसंकल्पावर भागवावं लागलं. मे 1991 मध्ये तर सोनं परदेशी पाठवून पैसे उभे करायची वेळ आली, आणि तेव्हा दिल्लीत काळजीवाहू सरकार होतं. बाहेरचा आधार निसटला की फक्त मंत्र्यांच्या खुर्च्या जात नाहीत. देशाचे निर्णयही थांबतात.

1999 मधूनही एक धडा मिळतो. सरकार पाडायला 270 जण एकत्र आले, पण नवं सरकार बनवायला ते एकत्र राहिले नाहीत. समाजवादी पक्षानं काँग्रेसला पाठिंबा नाकारला आणि देश पुन्हा निवडणुकीला सामोरा गेला.

यावर जर्मनीनं एक उपाय केलाय. तिथे चान्सलरला हटवायचं असेल तर त्याच ठरावात नवा चान्सलर निवडावा लागतो. 1982 मध्ये हेल्मुट श्मिट जाऊन हेल्मुट कोल आले ते असेच. आपल्याकडे अशी तरतूद नाही.

बाहेरच्या देशांत काय होतं?

आपल्याकडे अल्पमतातलं सरकार म्हटलं की संकट वाटतं. स्वीडनमध्ये ती नेहमीची गोष्ट आहे. तिथला नियमच उलटा आहे. पंतप्रधान होण्यासाठी बहुमत बाजूनं लागत नाही, फक्त बहुमत विरोधात नको. 349 सदस्यांच्या संसदेत 24 नोव्हेंबर 2021 ला मॅग्डालेना अँडरसन यांच्या बाजूनं 117 आणि विरोधात 174 मतं पडली. तरी त्या निवडून आल्या, कारण विरोधाला 175 लागतात! काही तासांतच सरकारमधला ग्रीन पक्ष बाहेर पडला आणि त्यांनी राजीनामा दिला. मग पाच दिवसांनी त्या पुन्हा निवडून आल्या.

ब्रिटनमध्ये 2017 साली थेरेसा मे यांच्या पक्षाचं बहुमत गेलं, तेव्हा उत्तर आयर्लंडच्या डीयूपीचे 10 खासदार कामी आले. दोन्ही पक्षांनी लेखी करार करून तो जाहीर केला. कुठल्या मतदानात पाठिंबा मिळणार आणि उत्तर आयर्लंडला किती जादा निधी मिळणार (1 अब्ज पौंड), हे सगळं लोकांसमोर होतं.

आपल्याकडे किमान समान कार्यक्रम जाहीर होतो, पण पाठिंब्याच्या अटी बहुतेक वेळा बंद दारामागेच राहतात.

मग अल्पमतातलं सरकार चांगलं की वाईट?

याचं एका शब्दात उत्तर नाही. 1991 च्या आर्थिक सुधारणा बहुमत नसलेल्या सरकारनं सुरू केल्या. मंडल आयोगाच्या शिफारशी लागू करण्याची घोषणा 1990 मध्ये अशाच सरकारनं केली. माहितीचा अधिकारही अशाच सरकारच्या काळात आला. एकट्याच्या जिवावर काही करता येत नाही, तेव्हा सरकारला इतरांचं ऐकावं लागतं. ही जमेची बाजू.

दुसरी बाजू म्हणजे प्रत्येक मताला किंमत येते आणि कधी ती अक्षरशः पैशांत मोजली जाते. 1998 मध्ये सुप्रीम कोर्टानं लाच घेऊन सभागृहात मत देणाऱ्या खासदारांना संरक्षण असल्याचा निकाल दिला होता. तो निकाल मार्च 2024 मध्ये सात न्यायाधीशांच्या घटनापीठानं रद्द केला. आता लाच घेऊन मत दिलं तर खटला चालू शकतो.

2008 मध्ये अमेरिकेबरोबरच्या अणुकरारावरून डाव्यांनी मनमोहन सिंग सरकारचा पाठिंबा काढला. समाजवादी पक्ष मदतीला आला आणि 22 जुलैला सरकारनं 275 विरुद्ध 256 मतांनी ठराव जिंकला. पण त्याच दिवशी भाजपच्या काही खासदारांनी सभागृहात नोटांची बंडलं दाखवली आणि मत न देण्यासाठी हे पैसे आल्याचा आरोप केला. एकाच दिवसात या पद्धतीच्या दोन्ही बाजू देशानं टीव्हीवर पाहिल्या.

पुढच्या त्रिशंकू निकालाच्या वेळी हे चार प्रश्न विचारा

1. पाठिंबा देणारा पक्ष सरकारमध्ये बसणार की बाहेर?

2. पाठिंबा लेखी आहे का, आणि त्याच्या अटी जाहीर झाल्यात का?

3. बहुमत चाचणी कधी आहे, आणि मतं मोजली जाणार की आवाजावर भागवणार?

4. कोण तटस्थ राहतंय किंवा सभात्याग करतंय, आणि त्याचा फायदा कुणाला होतोय?

'मॅजिक फिगर' कुणी गाठली हे टीव्हीच्या पडद्यावर दिसतंच. सरकार किती दिवस टिकेल आणि कुणाच्या तालावर चालेल, याचा अंदाज मात्र या चार उत्तरांवरून येतो.